डाव्या पेटीवरचा ओरखडा

रविवार, २८ एप्रिल २०१९

प्रिय ब्रेना,

तू बरी असशील असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांना विचारतंय कोण.

तुझा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तिने दोनदा विचारलं, कशाला हवाय. म्हटलं, पत्र लिहायला अजून तरी पत्ता लागतो. ती म्हणाली, फोनवर मेसेज कर. त्या इवल्या अक्षरांवर माझं बोट ठेवलं की एका वेळी तीन उमटतात. आठवी झाल्यावर मला शाळेतून काढून गायींमागे लावलं, तेव्हा अक्षर जसं होतं तसंच आहे. लागलं तर दोनदा वाच.

इकडे यंदा बर्फ वीस एप्रिलपर्यंत शेडच्या दाराशी ठाण मांडून होता. चर्चमध्ये नवा पाद्री आलाय, प्रवचन लांबवतो. ईस्टरला सवयीने बारा कुखन, आपले ते साईचे केक, भाजली, खाणारी मी एकटी. दहा फ्रीजरमध्ये आहेत. तुझी मामेभावंडं येऊन गेली. ती मला ग्रँडमा म्हणतात. जर्मन रीतीने आजीला ओमा आणि आजोबांना ओपा म्हणणारी घरात तू एकटीच होतीस.

मंगळवारी लीझलला शेडमधून बाहेर काढलं. हवेच्या गाळणीत उंदरांनी बिऱ्हाड थाटलं होतं, पिल्लांसकट. त्यांना दुसरीकडे हलवलं, गाळणी झटकली, बटण दाबलं. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुरू झाली. तेहतीस वर्षांची मोटरसायकल! तुझ्या ओपाने ज्या वर्षी गायी विकल्या त्या वर्षी ही घेतली आणि सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या गायीचं नाव हिला दिलं. मला तेव्हा राग आला होता. गाय निदान दूध द्यायची. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं मी ही विकून टाकीन. पण मागे बसून तेरा वर्षं मी त्याची मान बघितली होती. म्हटलं, आता जरा रस्ता बघू. चौपन्नाव्या वर्षी शिकले.

गॅरेजवाला डेल्मर बघायला आला होता. तोंडात काडी धरून बोलणारा, आठवेल तुला. अजून धरतो. बहुतेक तीच काडी असावी.

तो म्हणाला, "ओटी, हिचं आतलं वीज तयार करणारं वेटोळं जळायला आलंय. बदलायचं तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागेल."

"मग उतरव."

"उतरवतो. परत चढवायच्या वेळी मी जिवंत असेन की नाही ते सांगता येत नाही."

"तू मेलास तर तुझ्या दफनाला लीझलवर येईन."

"म्हणजे येणारच नाहीस. वाटेत बंद पडेल."

मग काडी तोंडातून काढली. तो काडी काढतो तेव्हा खरं बोलतो. "वेटोळ्याचं सोड. तीनशे वीस किलोचं धूड आहे हे, आणि तू त्र्याहत्तर वर्षांची. मागच्या ऑगस्टमध्ये काय झालं ते गावाला ठाऊक आहे. हिला घालव, हलकी घे."

ऑगस्टमध्ये काही झालं नाही. पेट्रोल पंपावर जरा कलंडले, एवढंच. गावाला दुसरा उद्योग नाही.

तर प्रश्न असा आहे. लीझल ठेवावी की नवी घ्यावी? तुला विचारते कारण लीझल तुला माहीत आहे. बाकीच्यांना ती फक्त जुनी दिसते. आठ उन्हाळे तू मागे बसलीस. जूनचा शेवटचा शनिवार, पहाटे निघायचं, मिझूरी नदीच्या पुलापाशी न्याहारी, मग टेकड्यांतून सिल्व्हन तळ्यापर्यंत. पाठीवर एक थाप म्हणजे लघवीला थांब. दोन म्हणजे हळू चालव. आणि दर थोड्या वेळाने तीन, म्हणजे ओमा, मी जागी आहे. पहिल्या वर्षी तू नऊची होतीस, झोपून खाली पडशील म्हणून मीच ते ठरवलं होतं. सोळाची झालीस तरी तू तीन थापा मारायचीस. पाठीला एकदा सवय लागली की लागली.

तू दिलेली घंटी अजून खाली फ्रेमला आहे. रानातली चोकचेरीची फळं तोडून मिळवलेल्या पैशांतून तू मोटरसायकलवाल्यांच्या मेळाव्यात घेतली होतीस, आठवतं? दुकानदाराने तुला सगळं नीट समजावलं होतं. रस्त्यावरची भुतं गाडीखाली चिकटतात, ती घंटीच्या पोकळीत अडकतात, नादाने वेडी होऊन गळून पडतात. पण स्वतःची स्वतः घेतलेली घंटी चालत नाही, दुसऱ्याने द्यावी लागते. मी म्हटलं होतं, सगळा विकण्याचा धंदा आहे. तू म्हणालीस, "मग काढून टाकू?" मी म्हटलं, हात लावशील तर बघ.

मागच्या चाकाशेजारच्या डाव्या सामानपेटीवरचा ओरखडाही तसाच आहे. डेल्मर म्हणाला, विकायची असेल तर रंग मारून देतो. मी नको म्हटलं. का, ते त्याने विचारलं नाही.

तुझं मत कळव. नाताळच्या छापील कार्डावरच्या सहीपेक्षा दोन ओळी जास्त लिहिल्यास तरी पुरे.

तुझी,
ओमा


रविवार, १९ मे २०१९

प्रिय ब्रेना,

उत्तर आलं नाही. टपाल हल्ली फार हळू चालतं, असं मी डेल्मरला सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

इकडे पाऊस बरा आहे. परसातला रुबार्ब गुडघाभर झालाय. नव्या पाद्र्याच्या बायकोला माझं क्नेफ्ला सूप खारट लागलं. सूप तिने अख्खं संपवलं आणि मग सांगितलं.

गुरुवारी डेल्मरच्या ट्रकमधून अॅबरडीनला शोरूममध्ये गेले. तिथे कोरीन नावाची बाई आहे, नखं एवढी लांब की क्लच कसा दाबते देव जाणे. पण मोटरसायकलींतलं तिला कळतं. माझे बूट बघितले, गुडघे बघितले, वय न विचारता थेट एका गाडीपाशी घेऊन गेली. निळी. दोनशे किलोच्या आतली. बसले तर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. लीझलवर एकोणीस वर्षांत माझे दोन्ही पाय एकदम टेकलेले नाहीत.

"चक्कर मारून या," कोरीन म्हणाली.

धान्याच्या कोठारांपर्यंत जाऊन आले. खोटं कशाला बोलू, परत आले तेव्हा दात वाळले होते. सगळा वेळ तोंड मिटलंच नव्हतं. वळणावर नुसतं बघायचं, की ती वळतेच. डेल्मर दारात उभा राहून हसत होता. मी म्हटलं, "माशा गिळायच्या होत्या, म्हणून उघडं ठेवलं होतं."

घेणारच होते. पेनही हातात घेतलं होतं. मग सहज मागे जाऊन बघितलं. मागची सीट पावाच्या तुकड्याएवढी. पाठ टेकायला काही नाही, पाय ठेवायला दोन काटक्या.

विचारलं, "यावर बसून माणूस दिवसभर कसं जाईल?"

कोरीन म्हणाली, "नाही जाऊ शकत. ही एकट्याची गाडी आहे. तुमच्या मागे कोण बसतं?"

"बसते एक."

"वजन साधारण किती असेल?"

"मला काय माहीत. शेवटची बसली तेव्हा सोळा वर्षांची होती."

डेल्मरने काडी या गालातून त्या गालात नेली. मग कोरीन हळूच म्हणाली, मागे नीट बसता येईल अशा ज्या नव्या गाड्या आहेत त्या लीझलपेक्षाही जड आहेत, तुम्हाला त्या देणार नाही, दिल्या तर मला झोप लागणार नाही. तोल सांभाळावा लागत नाही आणि मागेही नीट बसता येतं अशी फक्त कोपऱ्यातली ती एक. कोपऱ्यात तीन चाकांची उभी होती. पुढे एक, मागे दोन, आणि मागे ही एवढी आरामखुर्ची. लाल. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. डेल्मर म्हणाला, "ओटी, तूच म्हणायचीस ना, तीन चाकांवर बसायच्या आधी मला पुरून टाका." म्हटलं, अजूनही तेच म्हणते, चल घरी.

घरी येताना तो एक शब्द बोलला नाही. त्यामुळे मला विचार करावा लागला. विचार करणं मला आवडत नाही.

आता ऑगस्टचं सांगते. कलंडले असं लिहिलं होतं, ते खरं नाही. पंपावर मागे घेताना उतार लक्षात आला नाही, पाय निसटला, लीझल अंगावर आली. डावा पाय पेटीखाली अडकला. मला ती उचलता आली नाही. तशीच पडून राहिले. आभाळ फार मोठं दिसतं तिथून. मग पलीकडच्या ट्रकमधून एक बाई उतरून धावत आली. घरातल्या सपाता, अंगात नवऱ्याचा असावा असा शर्ट, माझ्या दुप्पट. मला हसू आलं आणि मी विचारलं, "गाडी कशी आहे?"

तुला ठाऊकच आहे, आपल्या मोटरसायकलवाल्यांत ते चालतं. पडलेला माणूस आधी तेच विचारतो. तुझा ओपा खांदा निखळला तेव्हाही अँब्युलन्समध्ये तेच विचारत होता, आणि सगळे हसले की समजायचं माणूस शाबूत आहे.

ती बाई आपल्यातली नव्हती. ओरडली, "खड्ड्यात गेली तुमची गाडी! तुम्हाला कुठे लागलंय ते सांगा आधी!" आणि लीझलकडे न बघता माझ्या शेजारी डांबरावर गुडघे टेकून बसली. माझा हात धरला. माझा हात किती वर्षांत कुणी धरला नव्हता ते मोजत बसले नाही.

पाय मोडला नव्हता, नुसता काळानिळा झाला होता. पण त्या बाईने हात धरला तेव्हा मला तू आठवलीस.

ब्रेना, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला लिहायला वेळ लागतोय, तुला वाचायला लागेल.

त्या दिवशी मीच तुला म्हटलं होतं, लीझल घेऊन टपालपेटीपर्यंत जा आणि वळवून आण. तू विचारलं होतंस, "खडीवरून?" मी म्हटलं, खडी काय खाते तुला? वळताना पुढचं चाक सरकलं. मी ओसरीवरून अॅप्रन घातलेली धावत आले. तू रस्त्याच्या कडेला बसली होतीस, उजवा हात डाव्या हातात धरून. लीझल डाव्या कुशीवर पडली होती.

मी आधी लीझलकडे गेले.

पेट्रोल सांडत होतं, आग लागली असती, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आले. पेट्रोल सांडत नव्हतं. मी वाकून बघितलं, पेटीवरून बोट फिरवलं, आणि तुझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "इंजिनापुढची दांडी वाकली का गं?"

आणि तू म्हणालीस, "नाही ओमा. ती ठीक आहे."

मग मी वळले. तोवर तुझा चेहरा मिटला होता. रडली असतीस तर मला काय करायचं ते कळलं असतं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं आणि तू मला गाडीची खबर देत होतीस. त्या उन्हाळ्यातले तुझे सॉफ्टबॉलचे सगळे सामने गेले, आणि हॉस्पिटलच्या वाटेवरही मी खडीवर ब्रेक कसा लावायचा तेच शिकवत होते. शरद ऋतूत तू तुझ्या आईबरोबर मोंटानाला गेलीस. मी फाटकापर्यंत आले होते. तू मागे वळून बघितलं नाहीस, आणि मी हाक मारली नाही.

ते विचारायचा हक्क पडलेल्याला असतो. बघणाऱ्याला नसतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला स्वतः डांबरावर पडावं लागलं.

आता पुरे. हात दुखायला लागलाय, आणि या कागदाच्या मागच्या बाजूला रुबार्बच्या जॅमचा डाग पडलाय. नवा कागद घेणार नाही. नवा घेतला तर हे परत लिहावं लागेल, आणि परत मी लिहिणार नाही.

ओमा


रविवार, ९ जून २०१९

प्रिय ब्रेना,

टपालाला मी आता दोष देत नाही. तुझी चूक नाही. मी अकरा वर्षं घेतली, तू तीन आठवडे घेतलेस तर मी कोण बोलणार.

लीझल गेली.

मॅन्डनचं एक जोडपं आलं होतं, चाळिशीतलं, व्हर्नन आणि त्याची बायको जोलीन. व्हर्नन स्वतः इंजिनं उघडतो, वेटोळ्याचं ऐकून त्याचे डोळे चमकले. अशा माणसाच्या हाती द्यायला हरकत नव्हती. डेल्मरने त्याला तासभर छळलं, हे माहीत आहे का, ते माहीत आहे का, पोरगी द्यायची असल्यासारखं. शेवटी माझ्या कानात म्हणाला, "बरा आहे. माझ्याहून बरा नाही, पण जिवंत राहील."

व्हर्नन खाली वाकला आणि म्हणाला, "घंटी आहे की! ती मिळेल का सोबत?"

म्हटलं, "नाही. ती माझी नाही." आणि पक्कड मागून घेतली. अठरा वर्षांचा गंज होता, डेल्मर पुढे आला तर त्याला म्हटलं, लांब राहा. माझी मीच काढली.

मग जोलीनने डाव्या पेटीवरून हात फिरवला. "कोण पडलं होतं हो?"

आजवर हे ज्याने ज्याने विचारलं त्याला मी सांगितलंय की उभी असताना वाऱ्याने पडली. आपल्याकडे वारा आहेच तसा, सगळ्यांना पटतं. यावेळी म्हटलं, "माझी नात. सोळा वर्षांची होती. मनगट मोडलं."

"अगंबाई," ती म्हणाली. "आता बरा आहे ना तिचा हात?"

डेल्मर माझ्याकडे बघत होता. व्हर्नन माझ्याकडे बघत होता. मला उत्तर माहीत नव्हतं. तुझ्या आईला मी तुझा पत्ता विचारला, नोकरी विचारली, कुत्रा पाळलायस ते मला माहीत आहे, त्याचं नावसुद्धा माहीत आहे. हे मात्र मी कधीच विचारलं नाही. प्लास्टर काढलं तेव्हाही नाही. विचारलं असतं तर तुझ्या तोंडून ऐकावं लागलं असतं.

मी म्हटलं, "विचारून सांगते."

जोलीन मागे बसली, पाय टेकवले, आणि ते दोघं फाटकातून गेले. वळणावर लीझलचा आवाज बदलतो, तो ऐकेपर्यंत थांबले. मग आत जाऊन भांडी घासली. घासलेली होती, तरी घासली.

दुसऱ्या दिवशी अॅबरडीनला गेले आणि ती लाल घेतली. हो, तीन चाकांची. हसायचं तेवढं हसून घे, गाव हसतंच आहे. सगळं आयुष्य मला ऐटीची हौस होती, निळीवर ऐट होती. पण निळीवर जायचं म्हणजे पाठीमागे नुसता वारा. तो मी अकरा वर्षं खाल्लाय. कोरीनने विचारलं, मागची सीट काढून तिथे सामानाची मोठी पेटी बसवून देऊ का, तुमच्या वयाचे बरेच लोक तसंच करतात. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुन्हा विचारलं नाही. डेल्मर मला पुरून टाकायला फावडं घेऊन आला होता, खरंच आणलं होतं मेल्याने, शोरूमच्या दारात उभं केलं होतं. मी म्हटलं, आधी तुझ्यासाठी खणून ठेव.

गाडी बरी आहे. कलत नाही, त्यामुळे वळणं मजेची नाहीत. पण पडतही नाही, आणि मला आता कुणाला पाडायचं नाही.

या पाकिटात कापसात गुंडाळून तुझी घंटी आहे. नव्या गाडीला मी घंटी लावलेली नाही. हीच लावली असती तर नियमात बसलं असतं, जुनीवरची काढून नवीवर लावतात सगळे. पण ही तू ज्या ओमाला दिली होतीस ती त्या दिवशी आधी पेटी बघायला गेली. तेव्हा घंटीवर माझा हक्क राहिला असं मला वाटत नाही. ठेव, फेकून दे, कुत्र्याच्या गळ्यात बांध. मी दुसरी विकत घेणार नाही, घेतलेली चालत नाही. तोवर भुतं चिकटली तर चिकटू दे. माझ्याबरोबर राहून त्यांचंच जास्त नुकसान होईल.

जूनच्या शेवटच्या शनिवारी, २९ तारखेला, पहाटे निघणार आहे. मिझूरीच्या पुलापाशी न्याहारी, संध्याकाळी सिल्व्हन तळं. तुझ्या मिझूला गावाहून तळं किती लांब ते नकाशावर बोटाने मोजलं. दहा तास होतात. बोलावत नाहीये. मोजलं, एवढंच.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. रुबार्ब संपला. फ्रीजरमध्ये अजून सहा कुखन आहेत.

जोलीनला उत्तर द्यायचं राहिलंय. तिला मी शब्द दिलाय, म्हणून विचारते, आणि यावेळी तुझ्याकडे तोंड करून विचारते. ब्रेना, तुझा हात कसा आहे?

मागची सीट पुसून ठेवणारी,
तुझी ओमा